डायनासोरचं शेण

आमच्या भाच्याला टायरॅनोसॉरस, वेलोसिरॅप्टर ही नावं न अडखळता येतात. तेराचा पाढा मात्र काही केल्या पुढे सरकत नाही. परवा यवतेश्वरच्या घाटात गाडी थांबवून म्हणाला, "मामा, हितं उकरलं तर डायनासोर घावंल का?"

नाही घावणार. अजिंक्यतारा काय, सज्जनगड काय, आपला सगळा डोंगरच लाव्हाचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर ओतला गेला, आणि डायनासोरही नेमके त्याच सुमारास संपले. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या एका गटाला आपल्या वाईचं नाव दिलंय. बहुतेक जण दोष मेक्सिकोत आदळलेल्या अशनीला देतात, काही जण दख्खनच्या लाव्हालाही धरतात. जगातल्या एवढ्या मोठ्या प्रकरणात संशयित म्हणून का होईना, वाईचं नाव आहे! मला उगाच बरं वाटतं.

पण भाच्याला हाडं हवीत. मग त्याला चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा सांगितलं. वरोऱ्याकडच्या या गावाच्या शिवारात डायनासोरचं शेण सापडतं, दगड झालेलं. शेण म्हटल्यावर पोरगं खिदळायला लागलं. हसू दे. पण 2005 साली त्याच शेणानं भल्याभल्यांना गप्प केलं. तोवर समज असा, की गवत फोफावलं ते डायनासोर गेल्यावर. त्यांच्या तोंडी ते कुठून लागणार? शास्त्रज्ञांनी गोळे तपासले, तर आत गवताच्या पेशींत साठलेले सिलिकाचे कण. पानं कुजली, कण तसेच राहिले. उसाच्या फडात पाचटानं हात कापतो ना, त्यामागंही हेच सिलिका. त्या गवतांत भाताचे लांबचे भाऊबंदसुद्धा निघाले. खाणारे बहुधा लांब मानेचे, अवाढव्य शाकाहारी प्राणी. शेजारच्याच डोंगरगावला अशाच एकाचा सांगाडा सापडलाय, आयसिसॉरस त्याचं नाव.

वाढदिवसाच्या केकवर याला कुणी बसवत नाही. तिथं मान दातवाल्यांचा, तेही अमेरिकेतल्या. खेळण्यांच्या दुकानातही तीच तऱ्हा. दातांवरून फार तर कळतं, कोण काय खाऊ शकत होतं. खरोखर काय खाल्लं, ते शेण सांगतं. माझ्या हातात असतं तर संग्रहालयात जबड्याच्या आधी पिसदुऱ्याचा गोळा मांडला असता. भाच्याची अट एकच: वास येता कामा नये.