लाइटरूम मॅक मिनीवर हलवलं: आतापर्यंतची प्रगती

लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं बिऱ्हाड एकदाचं विंडोज लॅपटॉपवरून मॅक मिनी या ॲपलच्या छोट्या डेस्कटॉपवर आलं. एम४ चिप, २४ जीबी मेमरी, आतली एसएसडी ५१२ जीबी. कॅटलॉग (फोटोंच्या नोंदी आणि एडिट ठेवणारी फाइल) उघडतोय, रॉ फाइली (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) जागेवर सापडतायत, रंगांवर भरवसा बसायला लागलाय. बॅकअपचं घोंगडं मात्र अजून भिजत पडलंय.

लॅपटॉप सोडला, कारण तो नावापुरताच लॅपटॉप उरला होता. चार्जर, बाहेरचा मॉनिटर, बाहेरची डिस्क, माउस अशा सगळ्या वायरी लावल्यावर तो टेबलावरून उचलणार कोण? मिनी पीसीसुद्धा बघितले. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये रॅम आणि एसएसडी आपली आपण बदलता येते, हा मोठाच फायदा. पण माझं सगळ्यात जड काम म्हणजे एआय डिनॉइज (फोटोतला दाणेदारपणा एआयने काढणं), आणि त्याचा भार बहुतेक ग्राफिक्सवर पडतो. त्यासाठी दणकट ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की डबा छोटा राहत नाही आणि पंख्याचा आवाजही परत येतो.

मॅक मिनीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, आणि ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबीवर न थांबता २४ घेतली आणि हात आखडला तो आतल्या एसएसडीवर. जागा बाहेरून जोडता येते, मेमरी नाही. सुटे फोटो एडिट करणाऱ्याला १६ पुरेल असं माझं मत आहे. मी मोठे पॅनोरमा जोडतो. त्या वेळी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख हिरवाच, म्हणजे मेमरी पुरतेय असा राहिलेला बघून बरं वाटतं.

डबा जेमतेम १२.७ सेंटीमीटर बाजूचा, ५ सेंटीमीटर उंच. चालू करायचं बटण तळाशी, मागच्या कोपऱ्यात आहे. पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट ४. जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही भोक नाही आणि कार्डाची खाचही नाही, त्यामुळे कार्ड रीडर हिशोबात धरूनच चला.

आता डिस्कची मांडणी. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि फरकही इथेच दिसला. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू आतल्या एसएसडीवर, रॉ फाइली बाहेरच्या, एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर. २४ मेगापिक्सेलची १४ बिटांची रॉ फाइल अजिबात दाबली नाही तर ४२ एमबीच्या आसपास भरते. त्यात माझ्याकडे जुन्या डिनॉइजच्या डीएनजी (ॲडोबीचा रॉ प्रकार) फाइलींचा ढीग आहे. हे फीचर एप्रिल २०२३ मध्ये आलं तेव्हा दर फोटोमागे वेगळी डीएनजी तयार व्हायची, आणि तीत प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरलेले असल्यामुळे ती मूळ रॉच्या कितीतरी पट मोठी असते. सगळं आत कोंबायचं म्हटलं तर ५१२ जीबी बघता बघता संपतील.

जुनी डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नलिंग (बदलाची आधी नोंद ठेवणं) नाही. लिहिता लिहिता वायर निसटली तर फाइलींची यादीच बिघडू शकते, आणि कायमच्या संग्रहासाठी मला तो धोका नको होता. नवी एसएसडी मॅकच्या एपीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि फोल्डर होते त्याच रचनेत कॉपी करायला घेतले.

कॉपी काही केल्या सेकंदाला ४० एमबीच्या वर सरकेना. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याहून जास्त देते, म्हणजे गोम दुसरीकडे होती. सिस्टिम रिपोर्टमधल्या यूएसबीच्या पानावर नवं एन्क्लोजर (एसएसडीचं बाहेरचं खोकं) चक्क ४८० मेगाबिटवर जोडलेलं दिसलं. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली ती केबल आतून फक्त चार्जिंगसाठीची, म्हणजे यूएसबी २.० ची निघाली. दुसरी, चांगली केबल बाहेरून हुबेहूब तशीच, जराशी जाड, एवढंच. ती लावताच त्याच पानावर १० गिगाबिट दिसलं, आणि तेव्हापासून वेगाची मर्यादा जुन्या डिस्कची आहे, नव्या एसएसडीची नाही. नवं काहीही जोडलं की आधी हे पान उघडून बघा. तिथे आकडा कमी दिसला तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही.

कॅटलॉग जोडणं त्यामानाने किरकोळ निघालं. विंडोजचे पत्ते मॅकवर लागू होत नाहीत, त्यामुळे सगळे फोल्डर प्रश्नचिन्ह घेऊन उभे राहतात. एकेकाच्या मागे लागू नका. फोल्डरवर राइट क्लिक करून 'शो पॅरेंट फोल्डर' घ्या, वरचा मुख्य फोल्डर दिसला की त्याच्यावर 'फाइंड मिसिंग फोल्डर' चालवा. खालचे सगळे आपोआप लागतात.

मॉनिटर २७ इंची ४के. कॅलिब्रेशन (पडद्याचे रंग मोजून जुळवणं) ६५०० केल्विन, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० कँडेलाच्या आसपास. कॅलिब्रेट करून जुने फोटो उघडले तर पानांचा हिरवा रंग नुसता बोंबलत होता. लॅपटॉपच्या फिकट पॅनेलवर तो जिवंत दिसावा म्हणून सॅच्युरेशन चढत गेलं होतं. सगळा संग्रह दुरुस्त करत बसणार नाही, प्रिंट काढायचे तेवढेच फोटो पुन्हा हाती घेतोय.

आणखी एक बारकावा, शार्पनिंगवर जीव असणाऱ्यांसाठी. २७ इंची ४के मॉनिटरवर मॅकमध्ये साधारण २५६० बाय १४४० चं स्केलिंग (पडद्यावरच्या गोष्टी किती मोठ्या दिसाव्यात ते) ठेवतात. त्यात सिस्टिम आधी ५१२० बाय २८८० चं चित्र काढते आणि मग ते ३८४० बाय २१६० मध्ये बसवते. म्हणजे लाइटरूममध्ये १०० टक्के झूम केला तरी फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसत नाही. पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची बारीक पिसं बघताना मला हे जाणवलं, कडा किंचित मऊ वाटत होत्या. स्केलिंग १९२० बाय १०८० वर नेलं की हिशोब बरोबर दुप्पट होतो आणि तीच पिसं लख्ख सुटी दिसतात. रोजच्या कामाला लाइटरूमचे पॅनेल फार मोठे होतात म्हणून २५६० वरच असतो, पण शेवटच्या शार्पनिंगला बदलून घेतो.

डिनॉइजबद्दल काय सांगू! आयएसओ ६४०० च्या फोटोला आधी मिनिटं मोजत होतो, आता सेकंद, तेही डब्यातून आवाज न येता. सवय लागायला जड गेलं ते फक्त कंट्रोलच्या जागी कमांड.

आता बॅकअप. टाइम मशीन, म्हणजे मॅकची स्वतःची बॅकअपची सोय, चालू केलं की आपली सोय झाली असं वाटतं, पण बाहेरच्या डिस्क ते मुळातच वगळतं. वगळलेल्यांच्या यादीतून रॉची डिस्क आपण हाताने काढायची, आणि बॅकअपची डिस्क आतली एसएसडी आणि रॉची डिस्क या दोन्हींना पुरून उरेल एवढी मोठी हवी. माझी तेवढी नाही. तोवर जुन्या डिस्कवरचे रॉ फोल्डर तसेच ठेवलेत आणि कार्डं रिकामी करत नाहीये. मोठी डिस्क आली की आधी एक फोल्डर मुद्दाम पुसून परत आणून बघणार, आणि मगच कार्डं फॉरमॅट करणार.