‘अझुमांगा दाइओ’ आणि गप्प बसण्याची हिंमत

शाळेतल्या मुलामुलींवरची विनोदी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका बघायला घेतली की माझी एकच कसोटी असते. विनोद होऊन गेल्यावर ही मालिका किती वेळ गप्प बसू शकते? बहुतेकींना ते जमत नाही. कोणी काही खुळ्यासारखं बोललं की दुसरं पात्र लगेच किंचाळतं, डोळे वटारतं, मागे काहीतरी धाडकन वाजतं. प्रेक्षकाला हसायला सांगितल्याशिवाय चैनच पडत नाही. ‘अझुमांगा दाइओ’ २००२ साली आली. नंतर या प्रकारातलं कितीतरी बघितलं, पण मला आजही हीच सगळ्यात सरस वाटते, कारण हिला घाई नाही.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कियोहिको अझुमा यांची, चार उभ्या चौकटींची. पहिल्या तीन चौकटींत गोष्ट रचायची आणि चौथीत ती उलटवायची, हा तिचा ठरलेला बाज. अशा मांगाचं ॲनिमे करताना पंचाईत अशी की कागदावर दोन चौकटींमधली रिकामी जागा वाचणारा आपल्या गतीने पार करतो, पडद्यावर मात्र ती गती दिग्दर्शकालाच ठरवावी लागते. हिरोशी निशिकिओरी यांनी ती रिकामी जागा भरली नाही, तशीच ठेवली. शिवाय ही मालिका जपानमध्ये आधी रोज पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत दाखवली गेली आणि आठवड्याचे पाच तुकडे जोडून एक भाग व्हायचा. भाग २६, म्हणजे तुकडे १३०. प्रत्येक तुकडा आपल्यापुरता पुरा असतो. म्हणून कथानक पुढे रेटण्याची गरजच कोणाला पडत नाही.

साकाकी आणि त्या राखाडी मांजराचं बघा. साकाकी उंच, अबोल, खेळात तरबेज. वर्गातल्या मुली तिला वचकून असतात. तिला मात्र मांजरांचं वेड. रस्त्यात मांजर दिसलं की ती थांबते, खाली बसते आणि हात पुढे करते. हात सावकाश सरकतो. मांजर तिच्याकडे टक लावून बघत राहतं. कोणीच हलत नाही, मागे एखादा सूर असला तर असतो. आपल्याला पुढचं माहीत असतं, तिलाही माहीत असतं, तरी हात पुढे जातोच. मग ते तोंड भलतं मोठं उघडतं आणि कचकन चावतं. साकाकी ओरडत नाही. पुढच्या दृश्यात तिच्या हाताला पट्टी असते, बस्स. हाच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी मला हसू येतं. दर वेळी तिच्यासाठी जीवही तुटतो, कारण तिची आशा खरी आहे. तिची टिंगल करायचा मोह लिहिणाऱ्याला एकदाही झालेला नाही.

दहावीतली भाची माझ्याबरोबर बघायला बसली होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी म्हणाली, “मावशी, यात काही घडतच नाही गं.”

“तुमच्या वर्गात काय घडतं रोज?”

“काहीच नाही.”

“मग रोज घरी आल्यावर तासभर बोलत काय असतेस?”

त्यावर ती काही बोलली नाही, पण उठलीही नाही. नंतर ओसाका तिची लाडकी झाली. ओसाका शहरातून बदलून आलेली ही मुलगी, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात. ओसाकाची माणसं म्हणजे बोलघेवडी आणि चटपटीत, ही जपानमधली ठरलेली समजूत, आणि ही बिचारी दिवसभर तंद्रीत. सहलीच्या घरी झोपलेल्या युकारी-सेन्सेईंना (सेन्सेई म्हणजे शिक्षक) उठवायला जाताना वाजवायला तवा घ्यायचा सोडून ती स्वयंपाकघरातली सुरी हातात घेते, आणि डोळे उघडतात तो समोर सुरी घेऊन उभी असलेली विद्यार्थिनी! तिच्या डोक्यात कुठलाही वाईट विचार नसतो. विचारच नसतो. हा विनोद तिच्या स्वभावातून आलाय. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या हातात ती सुरी दिली तर तो उभाच राहणार नाही.

संगीताबद्दल बोलायलाच हवं. मासाकी कुरिहारा यांनी जागोजागी रेकॉर्डर नावाची बासरी वापरलीय. जपानी मुलं शाळेत वाजवायला शिकतात तेच हे साधं वाद्य. त्याचा तो किंचित हवा सुटल्यासारखा सूर ऐकला की संगीतही त्याच वर्गात बसलंय असं वाटतं.

आता खटकणारी गोष्ट. किमुरा-सेन्सेई. शाळकरी मुली आवडतात म्हणून शिक्षक झालो, असं भर वर्गात सांगणारा माणूस, आणि त्यावर वर्ग हादरतो एवढाच विनोद. तेव्हा तो चालून गेला असेल, मला तो तेव्हाही किळसवाणाच वाटला असता. त्याची बायको गोड आणि समंजस दाखवून लेखकाने गुंता वाढवलाय, पण त्याने त्या दृश्यांची धार बोथट होत नाही. भाचीबरोबर बघताना ती दृश्यं मी पुढे ढकलली नाहीत, दोघी त्यावर बोललो. ती म्हणाली, काओरिन या मुलीला तिसऱ्या वर्षी त्याच्याच वर्गात टाकलं ते सगळ्यात वाईट. बरोबर आहे तिचं. काओरिनचा जीव साकाकीत गुंतलेला आणि नेमकी तिचीच तुकडी बदलते.

पण हे तुकड्या बदलणंच मालिकेचा कणा आहे. अशा मालिकांमध्ये मुली वर्षानुवर्षं त्याच बाकांवर बसलेल्या असतात. इथे तीन वर्षं खरोखर जातात. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वर्गातली कागुरा आपल्या वर्गात येते आणि घोळक्याची घडीच बदलते. सांस्कृतिक महोत्सव, क्रीडा दिन, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं पुन्हा येतं, पण मुली तेवढ्याशा मोठ्या झालेल्या असतात. युकारी-सेन्सेई आणि न्यामो-सेन्सेई या एकेकाळच्या वर्गमैत्रिणी एकमेकींशी भांडताना दिसल्या की वर्गातल्या तोमो आणि योमी या दोन मैत्रिणी दहा वर्षांनी कशा असतील ते वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटच्या भागांत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा येतात. वात्रट तोमो पास होते आणि अभ्यासू योमीच्या हाती मात्र नकारामागून नकार. मैत्रिणी तिच्यासमोर कसं बोलावं म्हणून अवघडतात, तोमोसुद्धा जरा जपून वागते. कोणी भाषण ठोकत नाही. चियो-चान, दहाव्या वर्षी या शाळेत आलेली ती हुशार पोर, पुढे अमेरिकेला निघालेली असते आणि तेही गप्पांच्या ओघातच येतं. इथे मी रडते, आणि मालिकेने मला रडवायचा जरासुद्धा प्रयत्न केलेला नसतो.

स्वप्नांच्या भागातला चियो-चानचा ‘बाबा’, तो मांजरासारखा पिवळा प्राणी, मला थोडा लांबलेला वाटतो. नोरिओ वाकामोतो यांच्या आवाजाने मात्र तोही निभावून नेलाय.

बघायला घेणार असाल तर मूळ जपानी आवाजात, सबटायटल्स लावून बघा, कारण ओसाकाच्या बोलण्याची संथ लय तिच्या आवाजातच आहे. सलग पाच-सहा भाग उरकू नका. जेवण झाल्यावर एखादा बघा आणि निदान कागुरा वर्गात येईपर्यंत तरी सोडून देऊ नका.