साडेसतरा इंच मान

एका माजी सैनिकाच्या भरपाईच्या दाव्यावरच्या निकालपत्राच्या तिसऱ्या पानावर माझंच वाक्य छापलेलं होतं. 'रुग्णाचा स्लीप ॲप्निया सैन्यातल्या सेवेच्या काळात सुरू झालेला असू शकतो.' स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. त्या वाक्याखाली दोन ओळी होत्या. डॉक्टरांचं मत फक्त शक्यता सांगतं, संबंध सिद्ध करत नाही. दावा नामंजूर.

तो समोर बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. तक्रार करायला आला नव्हता. म्हणाला, "मॅम, मला ही भाषा कळत नाही. तुमचं नाव दिसलं म्हणून कागद घेऊन आलो." मी ते वाक्य तीनदा वाचलं. ते लिहिताना मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मध्य टेक्सासमध्ये, फोर्ट हूडपासून अर्ध्या तासावर, मी झोपेच्या विकारांची डॉक्टर म्हणून काम करते. छावणी जवळ असल्यामुळे माझ्याकडे माजी सैनिक भरपूर येतात. 2019 मध्ये हा असाच आला होता. नऊ वर्षं सैन्यात, त्यातलं 2005-06 हे वर्ष इराकमध्ये इंधनाचा टँकर चालवण्यात गेलेलं, 2010 मध्ये बाहेर पडलेला. तक्रार एकच: लाल सिग्नलला थांबलो की डोळा लागतो.

आमच्या तपासणीची रात्र बाहेरून कंटाळवाणी दिसते. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना तारा चिकटवायच्या, नाकाखाली श्वास मोजणारी नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. मग माणसाला म्हणायचं, आता नेहमीसारखे झोपा. सकाळी ती रात्र तीस तीस सेकंदांच्या पानांत वाचायची असते. आठ तासांची 960 पानं. संगणक आकडे काढून देतो, पण हवेची रेघ सपाट झालेली असताना छातीचा पट्टा वर आणि पोटाचा खाली जातोय, म्हणजे घसा बंद आहे आणि शरीर आत धडपडतंय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक घटना धरतात. तासाला पाचच्या आत असल्या तर ठीक, तीसच्या वर गेल्या तर आजार तीव्र. याच्या निघाल्या 41. म्हणजे रात्रभर दर दीड मिनिटाला एकदा गळा दाबल्यासारखं. एकदा तर बावन्न सेकंद. मग मेंदूची रेघ एकदम उसळते, माणूस क्षणभर जागा होतो, श्वास घेतो, परत झोपतो. सकाळी विचारलं तर म्हणतो, छान झोप लागली.

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच समजतात. साताऱ्याला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार होते, दुपारी ओट्यावर झोपले की घोरणं चौकापर्यंत ऐकू यायचं. मधेच आवाज थांबला की आई म्हणायची, "आता कुठे निवांत झोपले बघ." त्या थांबण्याचा अर्थ मला इथे येऊन कळला.

अमेरिकेत सेवेमुळे जडलेल्या आजारासाठी माजी सैनिकांच्या खात्याकडून, व्हीएकडून, दरमहा भरपाई मिळते. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज आजार आहे, सेवेत तसं काही घडलं होतं, आणि या दोहोंना जोडणारा दुवा. भरपाई किती, ते अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतं. स्लीप ॲप्नियाला लक्षणं नसतील तर शून्य टक्के, दिवसा सतत झोप येत असेल तर 30, श्वासाचं यंत्र लावावं लागत असेल तर 50, आणि श्वसनक्रियाच कोलमडली किंवा गळ्याला भोक पाडावं लागलं तर 100. मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र लागलं की 50 टक्के, म्हणजे एकट्या माणसाला महिन्याला साधारण 1,100 डॉलर, करमुक्त. फेब्रुवारी 2022 मध्ये ही टक्केवारी उपचाराच्या परिणामावर ठरवण्याचा प्रस्ताव निघाला आणि दावे करणाऱ्यांची धांदल उडाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅक्ट कायदा आला. लष्करी तळांवरच्या जळत्या कचऱ्याच्या खड्ड्यांजवळ राहिलेल्यांना काही आजारांसाठी दुवा दाखवावा लागत नाही, असं तो सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की त्या यादीत स्लीप ॲप्नियाही आहे. तो नाही. याच समजुतीवर विसंबून यानेही अर्ज केला होता.

माझे काही सहकारी या दाव्यांबद्दल कुत्सितपणे बोलतात. मास्क लावा आणि चेक घ्या, असं. मला ते आवडत नाही. रात्रभर तासाला एक्केचाळीसच्या हिशोबाने गुदमरलेला माणूस सकाळी ट्रक घेऊन महामार्गावर जातो, ते त्यांनी एकदा त्या 960 पानांत बघावं. त्याहून जास्त राग मला, फोनवर वीस मिनिटं बोलून, न तपासता, हजारो डॉलर घेऊन पत्रं विकणाऱ्यांचा येतो. त्यांच्यामुळे खऱ्या पत्राकडेही संशयाने बघितलं जातं.

पण या वेळी चूक त्यांची नव्हती, माझी होती. वैद्यकीय शिक्षणात आम्हाला जपून बोलायला शिकवतात. 'असू शकतं', 'नाकारता येत नाही'. आमच्यात तो प्रामाणिकपणा समजला जातो. या कायद्यात त्याला किंमत नाही. इथलं माप वेगळं आहे: संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे का? पारडी समसमान असतील तर निकाल सैनिकाच्या बाजूने. हे मला जिल्ह्याच्या माजी सैनिक कार्यालयातल्या बाईंनी समजावलं. स्वतः निवृत्त सार्जंट, हे काम विनामोबदला करून देतात. फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा निष्कर्ष मला नंतर सांगा. आधी कारणं सांगा. कारणं नसलेलं पत्र कोरंच असतं." नवा आणि संबंधित पुरावा जोडून निकालानंतर वर्षाच्या आत पुन्हा दावा केला, तर मूळ दाव्याची तारीख टिकते, म्हणजे भरपाई तेव्हापासून धरतात, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या हातात सात महिने होते.

शुक्रवारी शेवटचा रुग्ण गेल्यावर तो आला, पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. सेवेतले सगळे वैद्यकीय कागद. गुडघा, दात, लसी, पाठ. झोपेबद्दल एक अक्षर नाही. असणार तरी कसं? या आजारात ज्याला आजार आहे तोच झोपलेला असतो. तक्रार करणार कोण?

सरकारतर्फे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, सेवेनंतर वजन वाढलं, त्यामुळे आजार झाला. वाचायला पटण्यासारखं होतं. 2019 मध्ये माझ्याकडे त्याचं वजन 251 पौंड भरलं होतं. मी जुनी वजनं शोधत कागद उलटत गेले आणि मला एक फॉर्म सापडला, जो मी आधी कधी पाहिला नव्हता.

अमेरिकी सैन्यात उंचीच्या मानाने वजन जास्त भरलं की फीत लावायचे. पुरुषाची मान आणि बेंबीपाशी पोट मोजायचं, पोटातून मान वजा करायची, उंचीशी ताडून शरीरातली चरबी काढायची. मान जितकी जाड तितकी चरबी कागदावर कमी. तो हसून म्हणाला, "मॅम, माझी मान जाड म्हणून मी दरवेळी सुटायचो. बाकीची पोरं मुद्दाम मानेचा व्यायाम करायची." 2008 चा फॉर्म होता. उंची 70 इंच, वजन 226 पौंड, पोट साडेएकोणचाळीस, चरबी 23 टक्के, त्याच्या वयाला मर्यादा 24. उत्तीर्ण. आणि मान: साडेसतरा इंच.

मी खुर्चीतून उठलेच. पुरुषाची मान सतरा इंचांच्या वर गेली की आम्ही घोरण्याबद्दल विचारायला लागतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. वजन नंतर पंचवीस पौंड वाढलं हे खरं. पण माझ्या तपासणीत त्याची मान अठरा होती. अकरा वर्षांत अर्धा इंच. घसा इतका अरुंद की तोंड उघडल्यावर पडजीभ दिसतच नाही. ज्या मानेमुळे तो फितीच्या परीक्षेत सुटत होता, तीच मान रात्री त्याचा श्वास अडवत असणार.

"आणखी काही आहे?" मी विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. 2007 ची लेखी समज. सकाळच्या सूचना चालू असताना दोनदा झोपलेला आढळला, बेशिस्त, पुन्हा घडल्यास कारवाई. असे कागद नंतर कुणी सांभाळत नाही, सेवापुस्तकातही राहत नाहीत. याने सोळा वर्षं जपला होता, आणि अर्जाला मात्र जोडला नव्हता. "हा मी कुणाला दाखवलेला नाही," तो म्हणाला. मी सांगितलं, दिवसा आवरत नाही अशी झोप हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आणि तुमच्या सेवेतल्या सगळ्या कागदांत ते फक्त इथे नोंदलंय. त्याने तो कागद परत हातात घेतला आणि पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला.

राहिला साक्षीदार. इराकमध्ये कंटेनरच्या खोलीत त्याच्यासोबत राहिलेला मित्र आता ओहायोत इलेक्ट्रिशियन आहे. माझ्यासमोरच फोन लावला. मी एवढंच विचारलं, "याच्या झोपेबद्दल काय आठवतं?" दहा सेकंद, श्वास थांबणं, यातला एकही शब्द मी आधी उच्चारला नाही. साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, यावर मी ठाम असते.

तो म्हणाला, "सुरुवातीला मी बूट फेकायचो. घोरणं सहन व्हायचं नाही म्हणून. नंतर बंद केलं. कारण आवाज थांबला की जास्त वाईट वाटायचं. मी पडल्या पडल्या मोजायचो. एकदा तीसवर गेलो, तेव्हा उठून त्याला गदागदा हलवलं. त्याने शिवी दिली आणि परत झोपला."

माझ्यासमोरचा माणूस फोनकडे बघत राहिला. "तू कधी बोलला नाहीस."

"तू दिवसभर टँकर हाकत होतास. म्हटलं, भीतीमुळे असेल. सगळ्यांचंच काही ना काही होत होतं."

किती रात्री तो असा मोजत जागा राहिला असेल, ते मी विचारलं नाही. आम्ही महागड्या यंत्रांनी जे मोजतो, ते या पोराने अंधारात बोटांवर मोजलं होतं. त्याला म्हटलं, हे सगळं स्वतःच्या शब्दांत, महिना आणि जागा घालून, साक्षीच्या फॉर्मवर लिहा. त्याने दोन दिवसांत पाठवलं.

माझं पत्र लिहायला शनिवार-रविवार गेला. अडीच पानं. कोणते कागद वाचले, मान 2008 मध्ये किती, वजनवाढीने सगळं का उलगडत नाही, दिवसाची झोप कुठे नोंदली आहे, मित्राने वर्णन केलेला थांबा आणि धडपड साध्या घोरण्यापेक्षा वेगळी का. सगळ्यात शेवटी निष्कर्ष: आजार सेवेत सुरू झाल्याची शक्यता निदान समसमान आहे. 'असू शकतो' कुठेही नाही. मला ते पटलं नसतं तर मी लिहिलं नसतं. साडेपाच महिन्यांनी मंजुरी आली, 50 टक्के, मूळ तारखेपासून.

त्यानंतर मी माझी जुनी पत्रं काढली. नऊ पत्रांत तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः. नऊही जणांना कळवलं. चौघे आले. त्यातल्या दोघांची वर्षाची मुदत उलटून गेली होती. नव्याने दावा करता येतो, पण मागची तारीख गेली ती गेली.

आणि त्या चौघांतला एक अजून डोक्यातून जात नाही. बारीक अंगाचा, मान पंधरा इंच, तासाला 33 घटना. त्या टँकरवाल्यापेक्षा फार कमी आजारी नाही. 2003 मध्ये इराकला होता, तंबूत. त्याचे दोन मित्र सापडले. दोघांनीही खरं तेच सांगितलं: तंबूला लागून जनरेटर होता, रात्रभर धडधडायचा, कोण घोरतंय ते कुणालाच ऐकू यायचं नाही. लेखी समज नाही. फितीचा फॉर्म नाही, कारण त्याचं वजन कधी जास्त नव्हतंच. लग्न सैन्यातून बाहेर पडल्यावर सहा वर्षांनी.

मी त्याचे कागद दोनदा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले. माझ्या मनात आहे की त्याला तेव्हाही असणार. पण मनात असणं म्हणजे कारण नव्हे, आणि कारण नसलेल्या पत्राचं काय होतं ते मी आता जाणते. दुसऱ्या एखाद्या आजारातून दुवा जोडता येतो का, हे बघायला त्याला जिल्हा कार्यालयातल्या बाईंकडे पाठवलं. त्यांनाही अजून काही मिळालेलं नाही.

त्याला समोर बसवून सांगितलं, की मला हे लिहिता येणार नाही. त्याने मान डोलावली. मग विचारलं, "मॅम, जनरेटर नसता तर?"

मी उत्तर दिलं नाही. त्याच्या मास्कची कड नाकाजवळ गळत होती, ती लहान मापाची बदलून दिली, पट्टे सारखे केले, आणि पुढची तारीख लिहून दिली.