नेहमीचा एक नंबर

गुरुवार, रात्री

आज दादरला मावशी आणि मी पंचवीस मिनिटं एकमेकींना शोधत होतो. फोनवर ती म्हणत होती, "मी एक नंबरवर उभी आहे." मीही एक नंबरवरच होते, वेस्टर्नच्या.

"कुठला एक नंबर?"

"अगं, नेहमीचा!"

म्हणजे सेंट्रलचा. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या प्लॅटफॉर्मचे आकडे सलग झालेत. वेस्टर्नचे एक ते सात तसेच राहिले, सेंट्रलचे आठ ते चौदा झाले. "तो आता आठ नंबर झालाय, मावशी," मी म्हटलं, आणि ती गप्पच झाली. माझा आवाज चढला होता. लिहिताना ते जास्त टोचतंय.

नेहमीचा म्हणजे आईचा आणि तिचा. दोघी वर्षानुवर्षं तिथेच भेटायच्या, मग पुलावरून फुलबाजारात जायच्या. आईला एवढा शब्द पुरायचा. प्लॅटफॉर्म, जिना, वेळ, सगळं त्यात आलं. आई गेली, आणि आज मावशीने तो शब्द सवयीने माझ्या हातात ठेवला.

हर्बर्ट क्लार्क आणि डिएना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ सालचा प्रयोग आठवला. दोघांच्या मध्ये पडदा, दोघांपुढे टॅनग्रामच्या, म्हणजे भौमितिक तुकडे जुळवून केलेल्या, त्याच १२ आकृत्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने ओळखून त्या क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८. ऐकणारा 'हां, कळलं' म्हणेपर्यंत बोलणाऱ्याने दिलेलं नाव कच्चंच असतं. आई-मावशीच्या अशा किती फेऱ्या झाल्या असतील! माझी आज पहिली होती, आणि मी तिला नुसता आकडा सुनावला. आकडा बरोबर होता, पण तिच्या काही कामाचा नव्हता.

मग जरा थांबून विचारलं, "तुला समोर काय दिसतंय?"

"जिना. खाली बाकडं. त्यावर एक बाई बसलीये, मांडीवर झेंडूची टोपली."

बघ, किती नेमकं सांगितलं तिने! माझ्या डोळ्यांना सापडेल असं.

पूल ओलांडून पोचले तेव्हा ती बाई टोपलीसकट निघून गेली होती. बाकड्यावर मावशी एकटीच, पिशवी पोटाशी धरून. मी शेजारी बसले. आठ नंबरचा विषय दोघींनीही काढला नाही.

निघताना तिने विचारलं, "पुढच्या गुरुवारी कुठे?"

"झेंडूच्या बाकड्यावर."

"बरं," म्हणाली.