हरेगावची वाट आणि दाखल्यातला रकाना

सप्टेंबर लागला की राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर हरेगावची तयारी सुरू होते. ८ सप्टेंबर हा मारिया मातेचा जन्मदिवस. त्याच सुमाराला श्रीरामपूरजवळच्या हरेगावात, संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेचीच, यात्रा भरते. नाशिक, संभाजीनगर, पुण्यापासून माणसं येतात, आणि नवस बोललेली हिंदू घरंही त्यात पुष्कळ असतात. आम्ही पायी जातो. पुढे झेंडा, मागे टेम्पोत मतमाउलीची तसबीर, ढोलकी, टाळ आणि देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर अशी वाट.

दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. पाऊस झाला असेल तर काळी माती चपलेला अशी चिकटते की बायका चपला पिशवीत टाकून अनवाणीच चालतात. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. वाटेत कोणी ना कोणी चहा देतं. बेलापूरला प्रवरा ओलांडताना जपमाळ थांबते आणि भजन सुरू होतं. हीच नदी पुढे नेवाशाला जाते, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आमच्या पायात टाळाचा ठेका त्याच मुलखातून आलाय. ख्रिस्ती कीर्तन नगरमध्येच एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी उभं केलं, आणि नारायण वामन टिळकांची पदं आम्ही आजही चालता चालता म्हणतो. टिळक काही काळ आमच्या राहुरीतच राहिले. ते ब्राह्मण; १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचं घरदार तुटलं. माझ्या पणजोबांचं तसं काही तुटलं नाही. ते महारवाड्यात राहायचे, गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं. तुटायला त्यांच्याकडे होतंच काय?

म्हणूनच आम्हाला एक वाक्य पिढ्यान्पिढ्या ऐकावं लागतं: 'पोटासाठी बाटले.' दुष्काळात मिशनने धान्य दिलं, शाळा दिली, हे खरंच आहे. पण मला त्या बोलणाऱ्यांना एवढंच विचारायचंय की, पोटासाठीच असतं तर १९५० नंतर आम्ही ख्रिस्ती राहिलोच कशाला? त्या वर्षी १० ऑगस्टला अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो की, हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानायचं नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढा म्हणून सांगितलं, तरी परिच्छेद जागचा हलला नाही. २०२२ साली याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत जागा आहे, तीही अनुसूचित जातीतून धर्मांतरित ख्रिस्ती म्हणून. म्हणजे जात गेली नाही हे सरकारच लिहून देतं, पण जातीमुळे अंगावर कोणी आलं तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आमच्यासाठी उभा राहत नाही. गेली पाऊणशे वर्षं येशूचं नाव कागदावर लिहिणं हा आमच्याकडे तोट्याचाच व्यवहार आहे, आणि तरी माणसं तो करतात.

माझे वडील, अण्णा, पाटकरी होते. उसाला पाणी सोडायचे. मला शाळेत घालताना गुरुजी म्हणाले, 'हिंदू महार लावतो, पोरीचं कल्याण होईल.' गुरुजी वाईट नव्हते. त्यांना खरंच माझं भलं व्हावं असं वाटत होतं. अण्णा म्हणाले, 'रात्री प्रार्थनेला त्याला बाप म्हणायचं आन सकाळी शाळंत ओळख द्यायची नाही, हे मला जमायचं नाही, गुरुजी.' माझ्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' लागलं. तो दाखला माझ्याकडे आहे, घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय, पण शाईत लिहिलेला तो शब्द स्वच्छ वाचता येतो.

माझ्या चुलत्यांनी उलटं केलं. त्यांच्या पोराच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. तो शिकला, सरकारी नोकरीला लागला, घर बांधलं. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतो, मागच्या बाकावर बसतो. यात्रेला तो आमच्याबरोबर वस्तीवरून निघत नाही, श्रीरामपूरच्या पुढे अंधार पडला की येऊन मिसळतो. यंदा पोरांनी मोबाईल वर केला तसा तो बाजूला झाला. 'ताई, मला फोटोत घेऊ नको.'

त्याची भीती उगाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळातही असे दाखले रद्द करण्याची घोषणा झाली. तेव्हापासून आमच्या भागात कितीतरी घरांतून भिंतीवरचा क्रूस आतल्या खोलीत गेलाय.

मला या माणसांचा राग येत नाही. चर्चमध्ये काहीजण त्यांच्याविषयी कडक बोलतात, ते मला पटत नाही. त्यांनी देव विकला नाही. ज्या जातीचे चटके ते खरोखर सोसतात, त्या जातीचा हक्क मिळवायला त्यांना धर्म लपवावा लागतो, आणि हे त्यांच्यावर कोणी लादलं ते वर लिहिलंच आहे. शिवाय आमच्या चर्चमध्येही लग्न जुळवताना पूर्वीचा महार की पूर्वीचा मांग हे बघतातच. ते पाप आमचं स्वतःचं आहे, त्याचा दोष दिल्लीला देता येणार नाही.

पण माझ्यापुरतं मी अण्णांच्याच बाजूची आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याने शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं, कारण त्याला जिवाचं भय होतं. मला जिवाचं भय नाही, फीचं आहे. तेवढ्यासाठी नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यंदा माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आहे. अनुसूचित जातीत शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं, ओबीसीत मुलांना निम्मं. जागा मिळण्याचे मार्कही वेगळे. सेतू केंद्रात एकाने त्याला सांगितलंच, 'तुझ्या मामाचे कागद लाव, काहीतरी करता येईल.' हे त्याने मला घरी सांगितलं नव्हतं, श्रीरामपूर ओलांडल्यावर चालताना सांगितलं. मी म्हटलं, 'तू अठरा वर्षांचा आहेस. मी तुझ्यासाठी लिहिणार नाही आणि तुला अडवणारही नाही.' हे बोलायला मला जड गेलं, पण अण्णांचा विश्वास त्याच्यावर सक्तीने चढवला तर तो त्याचा राहणार नाही.

तो बराच वेळ मामाशेजारून चालत होता. दोघं काय बोलले ते मी विचारलं नाही. हरेगावात शिरल्यावर बंद पडलेल्या साखर कारखान्याकडून गर्दी दाटत जाते. मेणबत्त्यांची दुकानं, पाळणे, रांगेत दंडवत घालणाऱ्या बाया. रांगेत उभं असताना तो म्हणाला, 'मामा म्हणतो, लपवून मिळालेल्या नोकरीत माणूस रोज लपतो. मम्मी, निम्मी फी किती होईल?'

बचत गटाच्या अध्यक्षबाई आमच्याच पुढे रांगेत होत्या. मी तिथंच त्यांच्याकडे कर्जाची गोष्ट काढली. सोमवारी अर्ज द्यायचा ठरलाय, दोन जामीनदार लागतील. एक मला सापडलाय.