पाचशे आणि साडेबाराशे

अठ्ठावीस वर्षं गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये कंडक्टरकी केली, बहुतेक फोंडा-पणजी. सुट्ट्या पैशांत मला कुणी फसवलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र दर महिन्याला फसत होतो, तेही स्वतःहून, फार्मसीत जाऊन.

माझी साखर, हिचे गुडघे. बिल अकराशेच्या पुढे. त्यात रोगावरची औषधं दोनच, बाकी सगळ्या ‘ताकदीच्या’ गोळ्या.

एका दुपारी भिंग घेऊन बसलो. समोर कॅल्शियमच्या दोन स्ट्रिपा. एकीवर ठळक ५००, दुसरीवर १२५०. मी कायम १२५०वाली आणायचो. महाग आहे, आकडाही मोठा, म्हणजे दम जास्त असणार! उलटून पाहिलं तर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. कार्बोनेटात कॅल्शियम शंभराला चाळीसच असतं. दुसरीच्या मागेही अक्षरन् अक्षर तेच. बस तीच, स्टॉप तोच, मी रंग बघून दुप्पट भाडं देत होतो.

मग राहवेना. सगळ्याच पुड्या उलटल्या. हिच्या कॅल्शियमच्या गोळीत व्हिटॅमिन डी-३. मल्टिव्हिटॅमिनमध्येही डी-३. वर आठवड्याला ६०,००० युनिटची कॅप्सूल. एका प्रवाशाला तीन तिकिटं! डॉक्टरांना दाखवलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. कॅप्सूल आठच आठवड्यांसाठी दिली होती, आम्ही गणपतीपासून शिगम्यापर्यंत चालवली. डी अंगात साठतं, फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. तपासणी करून घेतली, सुदैवाने ठीक निघाली. तपासणीचे पैसे गेले ते वेगळेच.

मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांनी बंद केलं. ते घेतलं की लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची. मला वाटायचं गुण येतोय. ते जास्तीचं बी-२ बाहेर पडत होतं. माझी बी-१२ची गोळी मात्र ठेवली, कारण मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं. ती आणि कॅल्शियम आता जनऔषधी केंद्रातून आणतो. घेताना चिठ्ठीवर लिहिलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून बघतो, कंपनीचं नाव बघत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायचं, कार्बोनेट तेव्हाच नीट लागतं. उपाशीपोटी घेऊन तेही इतके दिवस वाया घालवलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, परवाना क्रमांक असेल तर ते कायद्याने औषध नव्हे, खाद्य. औषधांच्या किमतीला सरकारचा जो चाप आहे, तो त्याला नाही. डबा गोळ्यांच्याच कपाटात असतो, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय काही डब्यांवरचा आकडा दोन गोळ्यांचा मिळून असतो. साठ गोळ्या म्हणजे मग महिनाच.

बिल चारशेच्या आत आलंय. सकाळी कॅल्शियमसाठी नाचण्याचं तिझान, म्हणजे लापशी असते, ते मला आवडत नाही, तरी खातो.

हिचं मात्र अजून पालुपद चालूच आहे: ती महागाची गोळी होती तेव्हा गुडघा कमी दुखायचा. म्हटलं, श्रावण संपू दे, तारले मासे आणतो.