केनिंग्टनचा चार्ली

लंडनला येणारी आपली माणसं लेस्टर स्क्वेअरमधल्या चार्ली चॅप्लिनच्या पुतळ्यापाशी हमखास फोटो काढतात. मी मात्र पाहुण्यांना थेम्सच्या दक्षिणेला केनिंग्टनला नेते. तिथे रेनफ्रू रोडच्या आत, एका गल्लीच्या टोकाला विटांची जुनी इमारत आहे. आज तिथे सिनेमा म्युझियम आहे. एकोणिसाव्या शतकात ते लॅम्बेथचं वर्कहाऊस होतं आणि ज्यांचं सगळं संपलं ते लोक पोटासाठी तिथे दाखल व्हायचे. जुलै 1898 मध्ये नऊ वर्षांचा चार्ली, त्याचा मोठा भाऊ सिडनी आणि आई हॅना इथे आले.

चार्ली तसा अनाथ नव्हता. पण वडील दारूत बुडालेले आणि घराबाहेर, तर आई गाणारी, तिचा आवाज गेलेला आणि डोकं अधूनमधून हरवणारं. कायद्यानं आईवडील होते, तरी पोरं पोरकीच होती. त्याआधी 1896 मध्येही तिघं अशाच एका वर्कहाऊसमध्ये गेले होते. आत गेलं की बायका एकीकडे, मुलं दुसरीकडे, अंगावरचे कपडे काढून घेऊन संस्थेचे कपडे द्यायचे. पहिल्या भेटीच्या दिवशी आई त्या कपड्यांत समोर आली तेव्हा ती एकदम म्हातारी दिसली, असं चार्लीनं आत्मचरित्रात लिहिलंय. एका नर्ससाठी क्रोशाची लेस विणून मिळालेल्या पैशांतून तिनं मुलांसाठी खोबऱ्याची मिठाई घेऊन ठेवली होती.

1896 च्या त्या खेपेला तिथून दोघांना हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. अनाथ आणि निराधार मुलांची ती प्रचंड मोठी शाळा. तिथे चार्लीला डोक्यावर नायटा झाला, तेव्हा त्याचे केस भादरले, आयोडीन फासलं आणि त्याला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. न केलेल्या गुन्ह्यासाठी सगळ्यांसमोर छडीही खाल्ली.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो ऑगस्ट 1898 मधला एक दिवस. मुलं भेटत नाहीत म्हणून हॅना कासावीस झाली होती. तिनं तिघांचं नाव संस्थेतून काढून घेतलं, आपापले चुरगळलेले कपडे परत मिळाले आणि तिघं बाहेर पडले. राहायला घर नव्हतंच. मग ते केनिंग्टन पार्कात जाऊन बसले. सिडनीकडे साठवलेले नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या, वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळला आणि झेलाझेली खेळले. दुपारी एका कॉफीच्या दुकानात उरलेल्या पैशांत चहा, एक केक आणि एक खारवलेला मासा तिघांनी वाटून खाल्ला. संध्याकाळी परत वर्कहाऊसच्या दारात हजर! कपडे पुन्हा वाफवायचे, नोंदी पुन्हा करायच्या म्हणून तिथली माणसं चिडली. एका दिवसासाठी सगळ्या व्यवस्थेला वळसा घालणारी ही बाई मला फार मोठी वाटते. पुढच्याच महिन्यात तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवलं. 1901 मध्ये वडील गेले, तेही जेमतेम अडतिसाव्या वर्षी.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मुलांच्या नाचाची मंडळी, मग फ्रेड कार्नोची विनोदी खेळ करणारी कंपनी, तिच्यासोबत अमेरिका, आणि 1914 पासून सिनेमा. 1916 मध्ये म्युच्युअल या सिनेमा कंपनीनं त्याला वर्षाला 6,70,000 डॉलर देऊ केले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

पण त्याचा ‘द किड’ (1921) हा सिनेमा पुन्हा एकदा बघा, या इमारतीची आठवण ठेवून. उतरत्या छपराची ती माळ्यावरची खोली, आणि अनाथाश्रमाची माणसं पोराला ओढून ट्रकमध्ये टाकतात तो प्रसंग. पोराचं काम करणारा जॅकी कूगन हात पसरून रडतोय आणि चार्ली कौलांवरून धावत सुटलाय. लहानपणी हे बघताना मी हसले असेन, आता हसू येत नाही. त्याच्या विनोदात गणवेशातला माणूस दिसला की पोटात गोळा येतो, त्याचं मूळ इथे आहे असं माझं ठाम मत आहे. ज्याला एकदा आईपासून तोडून नेलं, त्यालाच ते दृश्य असं सुचतं. त्याच वर्षी त्यानं आईला कॅलिफोर्नियाला नेलं. 1928 मध्ये ती तिथेच वारली.

1921 च्या सप्टेंबरात नऊ वर्षांनी तो लंडनला आला तेव्हा वॉटर्लू स्टेशनवर माणसांचा पूर आला होता. तो मात्र हॉटेलच्या मागच्या दारानं निसटला आणि टॅक्सीनं याच गल्ल्यांत आला. 1931 मध्ये ‘सिटी लाइट्स’ या आपल्या सिनेमासाठी आला तेव्हा हॅनवेलच्या शाळेतही जाऊन आला. मुलं हरखून गेली. पुन्हा येतो, सिनेमा दाखवायचं यंत्र आणतो, असं त्यानं कबूल केलं. ठरल्या दिवशी यंत्र आलं, खाऊ आला, चार्ली आला नाही. आपल्या माणसांना पाठवून तो दुसरीकडे जेवायला गेला. मुलं वाट बघत राहिली असतील, याचं मला वाईट वाटतं. तरी मी त्याला दोष देऊ शकत नाही. पहिल्या भेटीतच त्याच्या मनावर काय गुदरलं असेल, ते त्या शाळेच्या दालनांतून न वावरलेल्या माणसानं काय सांगावं!

हॅनवेलच्या त्या शाळेचा उरलेला भाग आज कम्युनिटी सेंटर आहे. पॅडिंग्टनहून साउथॉलला मसाले नि मिठाई घ्यायला जाणाऱ्यांना हॅनवेल त्याच्या आधीचं स्टेशन लागतं. तिथे उतरून चालत जाता येतं. केनिंग्टनच्या म्युझियमला मात्र आधी नाव नोंदवून जा, तिथे मार्गदर्शक सोबत घेऊन फिरवतात. जुन्या थिएटरातल्या खुर्च्या, दारवानांचे गणवेश, प्रोजेक्टर, पोस्टरं, सगळं खच्चून भरलंय. मुलांना सोबत न्या, पण आदल्या रात्री त्यांना ‘द किड’ दाखवा.